ओव्हरडोसचे मृत्यू रोखायचे तर शहराच्या आरोग्य विभागाने कुठून सुरुवात करावी

ओपिऑइडच्या, म्हणजे अफूच्या जातीच्या द्रव्यांच्या, ओव्हरडोसने माणूस एका झटक्यात जात नाही. हेरॉइन असो, फेंटानिल असो की वेदनाशामक गोळ्या, ही द्रव्यं मेंदूच्या तळाशी असलेलं श्वासाचं केंद्र मंद करतात. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला की एरवी शरीर आपोआप श्वास वाढवतं. ओपिऑइडच्या अमलाखाली ही यंत्रणा झोपी जाते. श्वास आधी संथ होतो, मग तुटक, मग बंद. गोळ्या घेतल्या असतील तर याला तास-दोन तास लागू शकतात, शिरेतून फेंटानिल घेतलं असेल तर काही मिनिटं पुरतात. श्वास थांबल्यावर चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते.

या मधल्या वेळात माणूस वाचवता येतो. पण त्या वेळी त्याच्याजवळ डॉक्टर नसतो. जवळ असतो मित्र, भाऊ, बायको, शेजारच्या खाटेवरचा माणूस, किंवा कुणीच नसतं. आरोग्य विभागाची सगळी योजना त्या खोलीपासून सुरू व्हायला हवी: त्या क्षणी तिथे कोण असेल, त्याच्या हातात काय असेल, त्याला काय येत असेल आणि तो कशाला घाबरत असेल. बहुतेक शहरांत उलटं होतं. आधी फलक लागतात, मग जनजागृती सप्ताह, मग शाळाशाळांतून भाषणं. या गोष्टी वाईट नाहीत, पण आज रात्री ओठ निळे पडणाऱ्या माणसाला त्यातली एकही उपयोगी पडत नाही.

अमेरिकेत 2023 साली ओव्हरडोसने सुमारे 1 लाख 5 हजार माणसं गेली. 2024 मध्ये हा आकडा 80 हजारांच्या आसपास आला. या घटीमागे कारणं अनेक आहेत, बाजारातल्या मालातला बदलही त्यात आहे. पण इतके मृत्यू कमी होऊ शकतात, हे त्यातून दिसलं. पुढच्या पायऱ्या आरोग्य विभागातल्या अधिकाऱ्यांसाठी आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या संस्थांसाठी लिहिल्या आहेत. क्रम महत्त्वाचा आहे, पण एक संपल्याशिवाय दुसरी सुरू करायची नाही असं समजू नका. नॅलॉक्सोन, म्हणजे ओपिऑइडवर उतारा असलेलं औषध, वाटायला आकडेवारीची वाट पाहायची नसते.

पहिली पायरी: मृत्यू नीट मोजा, आणि लवकर मोजा

मृत्यूचा दाखला हा सगळ्यांत खात्रीचा पुरावा, पण तो उशिरा येतो. शवविच्छेदन, विषचाचणी, अहवाल, नोंद, यात आठवडे जातात, कधी महिने. नुसत्या दाखल्यांवर विसंबलात तर सगळं काम वरातीमागून घोडं. म्हणून दोन प्रकारच्या नोंदी शेजारी शेजारी चालू ठेवा.

संथ नोंद दाखल्यांची. इथे न्यायवैद्यक विभागातल्या डॉक्टरांशी बसून एक गोष्ट पक्की करून घ्या: सापडलेलं प्रत्येक द्रव्य नावानिशी लिहायचं. 'अमली पदार्थांचं अतिसेवन' एवढंच लिहिलेला दाखला तुमच्या फारसा कामाचा नाही. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत अपघाती विषबाधेला एक्स 40 ते एक्स 44 हे संकेतांक आहेत, आणि मेथाडोन (व्यसनावरच्या उपचारात वापरलं जाणारं ओपिऑइड) सोडून इतर कृत्रिम ओपिऑइडसाठी टी 40.4. दाखल्यावर द्रव्याचं नावच नसेल तर हा दुसरा संकेतांक पडत नाही आणि फेंटानिल आकड्यांतून गायब होतं.

वेगवान नोंद रुग्णवाहिकांची आणि आपत्कालीन कक्षांची. कुठे फोन आला, किती वाजता, नॅलॉक्सोन दिलं का, माणूस शुद्धीवर आला का. ही माहिती रोज सकाळी एका माणसाच्या टेबलावर यायला हवी, आणि त्या माणसाला गरज पडली तर थेट इशारा काढायचा अधिकार हवा. वॉशिंग्टन-बाल्टिमोर परिसरात 2017 साली सुरू झालेली ओडीमॅप ही नकाशा-प्रणाली याच तत्त्वावर चालते: घटनास्थळी गेलेला कर्मचारी तिथूनच नोंद करतो आणि एखाद्या भागात अचानक संख्या वाढली की लगेच कळतं. मात्र या नोंदी धाडींसाठी वापरल्या जाणार नाहीत, हे लेखी ठरवून घ्या. एकदा हा विश्वास तुटला की लोक रुग्णवाहिका बोलावणं बंद करतात, आणि मग नोंदही जाते आणि माणूसही.

वय, वस्ती आणि द्रव्य यांच्या पलीकडे प्रत्येक मृत्यूबद्दल आणखी तीन गोष्टी विचारा. माणूस एकटा होता का? गेल्या महिन्याभरात तो तुरुंगातून, रुग्णालयातून किंवा व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर आला होता का? त्याला कधी औषधोपचार मिळाले होते का आणि मिळाले असतील तर ते का तुटले? पुढचा बराचसा आराखडा या तीन उत्तरांतूनच निघतो.

दुसरी पायरी: नॅलॉक्सोन योग्य हातात

नॅलॉक्सोन ओपिऑइडला मेंदूतल्या त्याच्या जागेवरून हटवतं आणि श्वास पुन्हा सुरू होतो. त्याने नशा येत नाही, त्याची सवय लागत नाही, आणि शरीरात ओपिऑइड नसेल तर ते काहीच करत नाही. अमेरिकेत त्याला 1971 पासून मान्यता आहे. नाकात मारायचा 4 मिलिग्रॅमचा तयार स्प्रे तिथे 2015 मध्ये आला, आणि मार्च 2023 मध्ये तो चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी मिळाली.

आता प्रश्न, तो द्यायचा कुणाला. पहिली खेप पोलिसांना, दुसरी अग्निशमन दलाला, तिसरी सरकारी इमारतींच्या भिंतीवरच्या पेट्यांत, हा क्रम कागदावर शोभून दिसतो. अनुभव वेगळं सांगतो. शिकागोमध्ये एका संस्थेने 1996 पासून अमली पदार्थ घेणाऱ्यांनाच नॅलॉक्सोन द्यायला सुरुवात केली. तेव्हापासून जून 2014 पर्यंत अमेरिकेतल्या अशा कार्यक्रमांनी 1,52,283 सामान्य माणसांना ते दिलं, आणि 26,463 वेळा त्यातून ओव्हरडोस उलटवल्याचं लोकांनी कळवलं. ते उलटवणारे कोण होते? पाचांतले चारांहून अधिक स्वतः अमली पदार्थ घेणारे. साहजिकच आहे. खोलीत तेच असतात.

म्हणून पहिला साठा सुई-अदलाबदल केंद्रांना (जिथे वापरलेल्या सुया देऊन स्वच्छ सुया मिळतात), रस्त्यावर फिरणाऱ्या कार्यकर्त्यांना, बेघर निवाऱ्यांना, मेथाडोन दवाखान्यांना आणि तुरुंगातून सुटणाऱ्यांना. मग घरच्यांना. मग बाकी सगळ्यांना. बाल्टिमोरच्या आरोग्य आयुक्तांनी ऑक्टोबर 2015 मध्ये शहरातल्या प्रत्येक रहिवाशाच्या नावे एकच सामायिक चिठ्ठी लिहिल्यासारखा आदेश काढला, त्यामुळे कुणीही औषधाच्या दुकानात जाऊन नॅलॉक्सोन मागू शकत होतं. तुमच्याकडे ते चिठ्ठीवर मिळणारं औषध असेल तर असा आदेश ही सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत जलद सुधारणा आहे.

किती वाटायचं? मॅसॅच्युसेट्समधल्या 19 गावा-शहरांच्या अभ्यासात, जिथे दर लाख वस्तीमागे शंभराहून जास्त लोकांना प्रशिक्षण देऊन नॅलॉक्सोन दिलं गेलं, तिथे ओव्हरडोसचे मृत्यू काहीच न केलेल्या जागांपेक्षा 46 टक्क्यांनी कमी होते. जिथे थोडंच वाटलं तिथे घट 27 टक्के होती. प्रमाण वाढलं की परिणाम वाढतो, म्हणून तोलूनमापून देऊ नका. एका माणसाला एक पाकीट हा हिशेब चुकीचा आहे. ज्याच्या घरी चारजण जमतात त्याला चार द्या.

वाटपाच्या जागी नाव, पत्ता, ओळखपत्र मागू नका. वही पुढे सरकवली की निम्मे लोक मागे वळतात. एकच विचारा: आधीचं पाकीट वापरलं का, आणि मग काय झालं? या दोन मिनिटांच्या गप्पांत तुम्हाला रुग्णवाहिकेच्या नोंदीत कधीच न आलेले ओव्हरडोस कळतात. कार्यकर्त्याने ते त्याच दिवशी टिपून ठेवावेत.

खरेदीबद्दल दोन शब्द. स्नायूत टोचायची 0.4 मिलिग्रॅमची कुपी स्प्रेपेक्षा बरीच स्वस्त पडते आणि सुई वापरायची सवय असलेल्यांना ती चालते. घरच्यांना आणि दुकानदारांना स्प्रे सोपा. जास्त ताकदीचा 8 मिलिग्रॅमचा स्प्रे घ्यायचा मोह टाळा. न्यूयॉर्क राज्य पोलिसांनी दोन्ही वापरून पाहिले. जगण्याचं प्रमाण सारखंच राहिलं, मात्र 8 मिलिग्रॅम दिलेल्यांना उलट्या आणि नशा एकाएकी तुटल्याचा त्रास जास्त झाला. असा त्रास भोगलेला माणूस पुढच्या वेळी 'मला ते मारू नका' म्हणतो. साठा खोलीच्या तापमानाला, उन्हापासून लांब ठेवा. आणि लोकांना स्पष्ट सांगा: मुदत संपलेलं एकच पाकीट हाताशी असेल तर तेच वापरा.

तिसरी पायरी: दहा मिनिटांचं प्रशिक्षण

दोन तासांची कार्यशाळा ठेवलीत तर ज्यांना गरज आहे ते येणार नाहीत. दहा मिनिटांत, उभ्या उभ्या, फुटपाथवर शिकवता येईल इतकंच शिकवा. पण ते हाताने करून घ्या.

आधी आवाज. ओव्हरडोसमध्ये अनेकदा घोरल्यासारखा आवाज येतो: खोल, ओलसर, घशात पाणी साचल्यासारखा, आणि दोन आवाजांमध्ये लांब शांतता. घरची माणसं बाहेरच्या खोलीतून ऐकतात आणि म्हणतात, दमलाय, झोपू दे. सकाळी दार उघडतात. अमेरिकी रोगनियंत्रण केंद्राच्या नोंदींनुसार जवळपास 40 टक्के ओव्हरडोस मृत्यूंच्या वेळी आसपास दुसरं कुणीतरी होतं. त्यातल्या कित्येकांना काय चाललंय ते कळलंच नाही. घरच्यांच्या प्रशिक्षणात मी दुसरं काही शिकवायला वेळ मिळाला नाही तरी हा आवाज शिकवीन. तो तोंडाने काढून दाखवा, लाजू नका.

मग बाकीच्या खुणा. ओठ आणि नखं निळसर. सावळ्या वर्णावर ती राखाडी, राखेसारखी दिसतात. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. अंग ढिलं. पाच सेकंदांत एकही श्वास नाही.

आता कृती. खांदे हलवून मोठ्याने नाव घ्या. उत्तर नाही तर मुठीची हाडं छातीच्या मधल्या हाडावर जोराने घासा. झोपलेला माणूस याने जागा होतो, ओव्हरडोसमधला होत नाही. रुग्णवाहिकेला फोन करा आणि 'श्वास घेत नाहीये' हे शब्द पहिल्या वाक्यात बोला. उताणं झोपवून मान थोडी मागे करा, स्प्रेचं टोक एका नाकपुडीत पूर्ण घाला आणि दट्ट्या दाबा. आधी हवेत मारून पाहू नका; एका नळीत एकच मात्रा असते, ती वाया जाते.

यानंतरची पायरी लोक हमखास विसरतात, आणि माझ्या मते तीच सगळ्यांत मोलाची आहे: श्वास द्या. शरीराला हवा असतो तो प्राणवायू. नॅलॉक्सोन तो मिळायची वाट मोकळी करतं इतकंच, आणि त्याला दोन-तीन मिनिटं लागतात. तोंडात काही अडकलं आहे का पाहा, हनुवटी वर उचला, नाक चिमटीत धरा, तोंडावर तोंड लावून एक श्वास द्या. छाती वर आली पाहिजे. दर पाच सेकंदांनी एक. पाकिटात प्लास्टिकचा तोंडाचा पडदा ठेवलात तर लोक कचरत नाहीत. श्वास द्यायला अगदीच जमत नसेल किंवा हृदय थांबल्यासारखं वाटत असेल तर फोनवरचा कर्मचारी सांगेल तशी छाती दाबा. तीन मिनिटांत श्वास आला नाही तर दुसऱ्या नाकपुडीत दुसरी मात्रा.

श्वास सुरू झाला की कुशीवर वळवा, वरचा गुडघा वाकवून पुढे टेकवा, म्हणजे उलटी झाली तरी ती घशात जाणार नाही. आणि जाऊ नका. नॅलॉक्सोनचा असर 30 ते 90 मिनिटं राहतो. काही ओपिऑइड त्याहून जास्त वेळ टिकतात. उठलेला माणूस बरा दिसतो, चिडलेला असतो, त्याला अंगदुखी आणि मळमळ असते, त्याला लगेच पुन्हा घ्यायचं असतं. त्याच्याजवळ बसून हे समजावणं हाही प्रशिक्षणाचा भाग आहे.

काय करायचं नाही तेही सांगा, कारण लोक हे करतातच: थंड पाण्याखाली धरणं, बर्फ लावणं, दूध पाजणं, मिठाचं पाणी टोचणं, उलटी करवणं, 'झोपून उतरेल' म्हणून सोडून देणं. शिवाय एक भीती काढून टाका. फेंटानिल नुसतं हाताला लागल्याने ओव्हरडोस होत नाही. ही अफवा पोलिसांतही आहे, आणि तिच्यामुळे मदतीचे हात मागे राहतात.

कोकेन किंवा मेथॅम्फेटामिनने येणारं संकट वेगळं असतं: छातीत दुखणं, अंग तापणं, झटके, प्रचंड घबराट. त्याला नॅलॉक्सोनचा उपयोग नाही. अंग थंड ठेवा, शांत ठेवा, रुग्णवाहिका बोलवा. पण कोकेन घेतलेला माणूस बेशुद्ध होऊन श्वास घेत नसेल तर नॅलॉक्सोन द्याच. त्या कोकेनमध्ये फेंटानिल मिसळलेलं असू शकतं, आणि त्या माणसाच्या शरीराला ओपिऑइडची जराही सवय नसते.

चौथी पायरी: फोन करायची भीती घालवा

मित्र निळा पडलेला असताना माणूस फोन का करत नाही? पोलीस येतील म्हणून. न्यू मेक्सिकोने 2007 मध्ये अमेरिकेतला पहिला कायदा केला, ज्यात मदत मागणाऱ्यावर आणि ओव्हरडोस झालेल्यावर अमली पदार्थ जवळ बाळगल्याचा गुन्हा लावता येत नाही. कॅनडाने 2017 मध्ये देशभर असा कायदा आणला. शहराच्या आरोग्य विभागाला कायदा करता येत नसला तरी पोलिसप्रमुखांशी लेखी समजूत करता येते: ओव्हरडोसच्या फोनवर आधी रुग्णवाहिका जाईल, गरज नसेल तर पोलीस आत जाणार नाहीत. ही समजूत लोकांच्या भाषेत, दोन ओळींत, नॅलॉक्सोनच्या प्रत्येक पाकिटावर छापा. आणि ती कुठे मोडली का, यावर लक्ष ठेवा. एका माणसाला फोन केल्याबद्दल उचललं तर ती बातमी वस्तीत संध्याकाळपर्यंत पोचते.

पाचवी पायरी: जो एकटा आहे त्याचं काय

नॅलॉक्सोन स्वतःला देता येत नाही. बंद दारामागे एकट्याने घेणाऱ्यापर्यंत वरची कुठलीच पायरी पोचत नाही, म्हणून त्याच्यासाठी वेगळा विचार लागतो. काही ठिकाणी फोनलाइन आहेत: माणूस घेण्याआधी फोन करतो, पलीकडचा कार्यकर्ता बोलत राहतो, आवाज बंद झाला की रुग्णवाहिका पाठवतो. हॉटेलं, वसतिगृहं, सार्वजनिक स्वच्छतागृहं इथे दार बाहेरून उघडता येईल अशी कडी आणि ठरावीक वेळाने दार ठोठावण्याची पद्धत, एवढ्यानेही जीव वाचतात.

आणि सगळ्यांत वादाचा उपाय: देखरेखीखाली सेवन करायची केंद्रं. कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये 2003 साली 'इनसाइट' हे असं केंद्र सुरू झालं. ते उघडल्यानंतर त्याच्या 500 मीटर परिसरात ओव्हरडोसचे मृत्यू 35 टक्क्यांनी घटले. उरलेल्या शहरात त्याच काळात घट 9.3 टक्के होती. न्यूयॉर्कमध्ये 30 नोव्हेंबर 2021 रोजी ईस्ट हार्लेम आणि वॉशिंग्टन हाइट्स इथे एका संस्थेने अशी दोन केंद्रं उघडली. मला स्वतःला हा उपाय पटतो, कारण मेलेल्या माणसाला उपचार घ्यायची दुसरी संधी मिळत नाही. पण शेजाऱ्यांशी न बोलता असं केंद्र उघडू नका. आसपासच्या दुकानदारांना आणि रहिवाशांना तक्रारीसाठी एक फोन नंबर आणि तो उचलणारा माणूस द्या. विरोध मावळतो तो बहुधा सभेतल्या आकड्यांनी नव्हे, सुया उचलायला वेळेवर आलेल्या कार्यकर्त्यामुळे.

सहावी पायरी: उपचार त्याच दिवशी

नॅलॉक्सोनने आजचा दिवस मिळतो. पुढचं वर्ष मिळतं ते मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन या तलफ आवरणाऱ्या औषधांमुळे. ही दोन औषधं घेत असताना मृत्यूचा धोका साधारण निम्म्यावर येतो. व्यसनावरच्या दुसऱ्या कुठल्या उपचाराबद्दल इतक्या ठामपणे बोलता येत नाही. फ्रान्सने 1995 मध्ये साध्या फॅमिली डॉक्टरांना ब्युप्रेनॉर्फिन लिहायची मोकळीक दिली आणि पुढच्या चार वर्षांत तिथले ओव्हरडोसचे मृत्यू 79 टक्क्यांनी खाली आले. अमेरिकेने त्यासाठी लागणारी डॉक्टरांची वेगळी परवानगी 2022 च्या अखेरीस कायद्याने काढून टाकली, बऱ्याच उशिरा.

इथे एक कटू गोष्ट बोललीच पाहिजे. औषधांशिवायची 'शुद्धी', म्हणजे काही आठवडे बंद ठेवून सगळं सोडवायचं आणि घरी पाठवायचं, यात धोका वाढतो. सुटते ती घ्यायची इच्छा नव्हे, शरीराची सहनशक्ती. महिन्याभराने त्याच माणसाने जुनीच मात्रा घेतली तर ती त्याला झेपत नाही. तुमचा विभाग अशा केंद्रांना पैसे देत असेल तर अट घाला: औषधोपचार उपलब्ध हवेत आणि घरी जाताना प्रत्येकाच्या हातात नॅलॉक्सोन हवं.

सर्वांत मोठी संधी आपत्कालीन कक्षात असते. मॅसॅच्युसेट्समध्ये ओव्हरडोसनंतर उपचार करून घरी सोडलेल्यांपैकी 5.5 टक्के वर्षभरात दगावले. दगावलेल्यांतला पाचवा हिस्सा पहिल्याच महिन्यात. याचा अर्थ, 'पुढच्या गुरुवारी समुपदेशकाकडे या' ही चिठ्ठी देऊन पाठवणं पुरत नाही. येल विद्यापीठाच्या 2015 च्या चाचणीत आपत्कालीन कक्षातच ब्युप्रेनॉर्फिन सुरू केलेल्यांपैकी 78 टक्के महिन्याभराने उपचारात टिकून होते. नुसता पत्ता देऊन पाठवलेल्यांपैकी 37 टक्के. तेव्हा प्रत्येक सरकारी रुग्णालयाशी ठरवा: औषध तिथेच सुरू, पुढची भेट 72 तासांच्या आत, आणि स्वतः या वाटेने गेलेला एक कार्यकर्ता खाटेजवळ. न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य विभागाचा 'रिले' कार्यक्रम 2017 पासून हेच करतो. ओव्हरडोस होऊन आलेल्या माणसाला भेटायला असा कार्यकर्ता रुग्णालयात जातो आणि नंतरही संपर्क ठेवतो. या कार्यकर्त्यांना पगार नीट द्या. त्यांच्याकडे जे आहे ते पदवीने मिळत नाही, आणि मानधनाच्या नावाखाली त्यांना राबवून घेणं अन्यायाचं आहे.

सातवी पायरी: तुरुंगाचं दार

एकाच जागी सगळ्यांत जास्त जीव वाचवायचे असतील तर तुरुंगाच्या दारात उभे राहा. वॉशिंग्टन राज्यात सुटलेल्या कैद्यांचा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला: पहिल्या दोन आठवड्यांत त्यांना ओव्हरडोसने मरण येण्याचा धोका इतर रहिवाशांच्या 129 पट होता. कारण तेच, सहनशक्ती गेलेली आणि मात्रा जुनी.

ऱ्होड आयलंडने 2016 मध्ये तुरुंगातच औषधोपचार द्यायला सुरुवात केली, आत येणाऱ्याचे चालू उपचार न तोडता आणि बाहेर जाणाऱ्याची पुढची भेट ठरवून. सुटकेनंतरचे ओव्हरडोस मृत्यू 2016 च्या पहिल्या सहामाहीच्या तुलनेत 2017 च्या पहिल्या सहामाहीत 61 टक्क्यांनी कमी झाले. स्कॉटलंड 2011 पासून सुटणाऱ्या कैद्यांना नॅलॉक्सोन देतं.

तुरुंग तुमच्या अखत्यारीत नसतो, ही अडचण खरी. पण सुटकेच्या वेळी परत मिळणाऱ्या वस्तूंच्या पिशवीत एक पाकीट आणि दवाखान्याच्या भेटीची तारीख ठेवायला तुरुंग अधीक्षक सहसा नकार देत नाहीत. तिथून सुरुवात करा. सुटका रात्री किंवा शुक्रवारी संध्याकाळी होत असेल तर औषध किमान सोमवारपर्यंत पुरेल इतकं सोबत द्या.

आठवी पायरी: बाजारातल्या मालावर नजर

फेंटानिल हेरॉइनच्या सुमारे 50 पट जोरदार आहे, त्यामुळे मिसळताना जरा कमीजास्त झालं की एकाच पुडीचा एक कोपरा निरुपद्रवी आणि दुसरा प्राणघातक. म्हणून फेंटानिलच्या चाचणीपट्ट्या वाटा, पण त्यांच्या मर्यादांसकट. माल पाण्यात विरघळवून पट्टी बुडवायची. एक रेघ म्हणजे फेंटानिल आहे, दोन रेघा म्हणजे सापडलं नाही. हे बऱ्याच लोकांना उलटं वाटतं, तेव्हा पट्टीवरच चित्र छापा. चिमूटभर तपासून बाकीच्या पुडीबद्दल काही सांगता येत नाही, जमेल तितकं विरघळवलं पाहिजे. नायटाझीन गटातली नवी ओपिऑइडं या पट्टीवर दिसत नाहीत.

फिलाडेल्फियात जनावरांना गुंगी देणारं झायलाझीन फेंटानिलमध्ये पसरलं, लोकांना खोल जखमा होऊ लागल्या. 2024 पासून त्याची जागा मेडेटोमिडीन घेऊ लागलं आणि ते मिळणं एकाएकी बंद झाल्यावर माणसं अतिदक्षता विभागात जाऊ लागली. ही दोन्ही ओपिऑइड नाहीत, नॅलॉक्सोनने त्यांची गुंगी उतरत नाही. अशा वेळी इशाऱ्यात नेमकं लिहा: नॅलॉक्सोन द्या, श्वास द्या, श्वास आला तर माणूस लगेच जागा झाला नाही तरी मात्रांवर मात्रा मारत बसू नका. 'शहरात जहाल माल आलाय' असा मोघम इशारा टाळा. कुठे, काय, आणि आता काय करायचं, एवढं त्यात हवं.

नववी पायरी: डॉक्टरांच्या चिठ्ठ्या

हे काम लांबचं आहे, पण सोडू नका. न्यूयॉर्कच्या आरोग्य विभागाने 2013 मध्ये स्टेटन आयलंडवरच्या डॉक्टरांना त्यांच्या दवाखान्यात जाऊन, समोरासमोर बसून सांगितलं: तीव्र वेदनेसाठी सहसा तीन दिवसांच्या गोळ्या पुरतात, आणि ओपिऑइडबरोबर झोपेच्या गोळ्या लिहू नका. परिपत्रकापेक्षा अशी भेट उपयोगी पडते. मात्र वर्षानुवर्षं या गोळ्या घेणाऱ्या रुग्णांच्या गोळ्या एकाएकी तोडायला लावू नका. तो रुग्ण मग रस्त्यावरच्या मालाकडे जातो.

दहावी पायरी: प्रत्येक मृत्यूचा आढावा

बाल्टिमोरचं नाव वर कौतुकाने आलं. त्याच शहरात 2018 ते 2023 या सहा वर्षांत जवळपास 6000 माणसं ओव्हरडोसने गेली, त्यांत वयस्कर कृष्णवर्णीय पुरुषांचं प्रमाण फार मोठं. आदेश होता, औषध होतं, पण महासाथ आणि बदलते अधिकारी यांच्यात लक्ष सुटलं, आणि मरणारे कोण आहेत याकडे कुणी वेळेवर पाहिलं नाही. म्हणून महिन्यातून एकदा आढावा बैठक ठेवा. आरोग्य विभाग, रुग्णवाहिका, न्यायवैद्यक विभाग, तुरुंग, निवारे, दवाखाने आणि अमली पदार्थ घेणाऱ्यांचे प्रतिनिधी, सगळे एका टेबलाशी. तीन किंवा चार मृत्यू घ्या, जास्त नकोत. त्या माणसाच्या शेवटच्या वर्षभरात तो कुणाकुणाच्या दारात आला होता, हे तारखांनिशी मांडा, आणि प्रत्येक दारात काय झालं ते त्या त्या विभागाने सांगावं. दोष कुणाच्या माथी मारायचा नाही, हे आधीच ठरवा, नाहीतर पुढच्या महिन्यात कागदच येणार नाहीत.

घरच्यांनाही विचारा, त्यांची तयारी असेल तर. त्यांच्याकडे जाताना नॅलॉक्सोन घेऊन जा. त्या घरात धोक्यात असलेला आणखी कुणी असू शकतो. बैठकीतून निघालेल्या प्रत्येक बदलासमोर एका माणसाचं नाव आणि एक तारीख लिहा, आणि पुढच्या बैठकीत नवे मृत्यू घेण्याआधी ती यादी वाचा.